अक्षर तिचं, सही माझी

पगारे मॅडमच्या पुण्यानुमोदनाला नाशिकरोडच्या त्यांच्या कॉलनीतल्या विहारात पन्नास-साठ माणसं जमली होती. वंदना झाली आणि मग एकेक जण उठून बोलायला लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, ताईंनी कधी कुणाला खोटं सांगितलेलं मला आठवत नाही. आमच्या कंपनीचे मालक देवरे सर आले होते. ते म्हणाले, स्वतःची चूक स्वतःच्या हाताने कागदावर लिहिणारं एवढं एकच माणूस मी पाहिलं. मग सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी उठले नाही. त्यांना वाटलं मला रडू आवरत नाहीये. तसं काही नव्हतं. मला मॅडमबद्दल जे माहीत होतं ते त्या सभेत सांगता येण्यासारखं नव्हतं.

मी पंचवटीतली. वडील रामकुंडावर पौरोहित्य करतात. आमच्याकडे लॅब म्हणजे रक्त-लघवी तपासतात ती, एवढीच सगळ्यांची समजूत. एम.एस्सी. झाल्यावर मला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीत नोकरी लागली, तेव्हा तिथे काय बनतं हे घरात समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. शेवटी मॅडमनीच मला एक वाक्य दिलं. म्हणाल्या, "सांग, माणसाच्या शरीरातलं एक प्रोटीन आम्ही शरीराबाहेर बनवतो, म्हणजे औषध शोधणाऱ्यांना ते माणसाऐवजी नळीत तपासता येतं."

त्या प्रोटीनचं नाव किनेज. पेशीत त्याचं काम शिक्का मारणाऱ्या कारकुनासारखं असतं. ते दुसऱ्या प्रोटीनांवर फॉस्फेटचा शिक्का मारतं आणि मग ती प्रोटीनं कामाला लागतात. शिक्का मारायचं थांबलंच नाही, तर पेशी वाढतच राहते आणि त्याचा कर्करोग होतो. म्हणून देशभरातले संशोधक या कारकुनाचा हात धरणारं औषध शोधत असतात, आणि त्या शोधासाठी त्यांना शुद्ध किनेज लागतं. ते आम्ही बनवायचो. करंगळीच्या पेराएवढ्या नळीत, डोळ्याला दिसणारही नाही इतकं. ते सुक्या बर्फात घालून पाठवायचं.

मॅडम तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. बारीक अंगाच्या, सुती सलवार-कमीज, घड्याळ उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला. नाशिकरोडहून स्कूटरवर यायच्या, थंडीत डोक्याला गुंडाळलेला मफलर दहा वाजेपर्यंत काढायच्या नाहीत. लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी विचारायची हिंमतही केली नाही. जेवायला बारा चाळीसला बसायच्या, कारण तेव्हा सेंट्रिफ्यूज अर्धा तास फिरत असायचं. डब्यात नागलीची भाकरी आणि ठेचा. जेवताना कामाचं बोललेलं त्यांना चालायचं नाही. सिनेमा, भाजीचे भाव, कुणाचं लग्न जमलं, काहीही चालेल.

लॅबमध्ये मात्र त्यांना एक शब्द सहन व्हायचा नाही, तो म्हणजे 'बहुतेक'. पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, मॅडम, द्रावणाचा सामू बहुतेक बरोबर आहे. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि विचारलं, "बघितलंस की वाटलं?" आवाज चढलेला नव्हता. मी मुकाट्याने मीटर घेऊन आले. सामू बरोबर होता, पण त्या नुसत्या हं म्हणाल्या. बरोबर असण्याला त्यांच्या लेखी महत्त्व नव्हतं. बघितलेलं असणं महत्त्वाचं.

हाच नियम त्या स्वतःलाही लावायच्या. आम्ही हे प्रोटीन एका किड्याच्या पेशींमध्ये बनवतो. माणसाचा जनुक एका विषाणूत घालायचा आणि तो विषाणू त्या पेशींमध्ये सोडायचा. तीन दिवस त्या पेशी फ्लास्कमध्ये डुलत राहतात आणि आपल्यासाठी माणसाचं प्रोटीन बनवतात. मॅडम फ्लास्कचं झाकण किंचित सैल करून वास घ्यायच्या आणि पेशींना जंतू लागलेत का ते सांगायच्या. त्यांचं नाक एकदाही चुकलेलं मी पाहिलं नाही. तरी वास घेऊन झाला की म्हणायच्या, नाकाचं ऐकलं, आता डोळ्याने बघू, आणि सूक्ष्मदर्शकाकडे जायच्या.

हा किडा कुठला, यावरून एकदा गंमत झाली. मॅडमचं गाव कळवणकडचं. धाकटा भाऊ तिथे दोन एकर शेती करतो. एका वर्षी त्याच्या मक्यावर लष्करी अळी पडली, तेव्हा मॅडम मला घेऊन गावाला गेल्या होत्या. मक्याच्या पोंग्यात अळ्यांनी नुसता भुसा करून ठेवला होता. भाऊ पंप पाठीला लावून हताश उभा होता. मॅडमनी एक अळी तळहातावर घेतली आणि सहज सांगून टाकलं की आमच्या लॅबमध्ये ज्या पेशी आम्ही वाढवतो, त्या हिच्याच जातीच्या. भाऊ बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आम्ही आठे फवारा मारतस, आन् तू तेस्ले खावाले घालस?"

मॅडम इतक्या हसल्या की बांधावर बसल्या. आम्ही इथे फवारणी करतो आणि तू त्यांना खायला घालतेस, हा त्याचा प्रश्न पुढे कितीतरी दिवस त्या लॅबमध्ये अहिराणीतच म्हणून दाखवायच्या.

आता मे महिन्यातली ती दुपार. मॅडम त्याच भावाच्या मुलीच्या लग्नासाठी चार दिवस रजेवर होत्या. वीज गेली, परत आली, आणि आमचा उणे ऐंशी अंशांचा मोठा फ्रीझर सुरूच झाला नाही. लॅबमध्ये मी एकटी होते. सुका बर्फ मागवला आणि सगळ्या नळ्या पेट्यांमध्ये भरून दुसऱ्या फ्रीझरमध्ये हलवायला लागले. दव धरल्यामुळे काही लेबलं सुटत होती. ज्यांच्यावर झाकणालाही खूण होती, त्यांची अडचण नव्हती. दोन नळ्या मात्र कोऱ्या झाल्या. त्यांची लेबलं पेटीच्या तळाशी ओली होऊन पडली होती.

या दोन नळ्यांमध्ये विषाणूंचे मूळ साठे होते. एकीत साध्या किनेजचा. दुसरीत एका जागी एकच दुवा बदललेल्या किनेजचा. काही रुग्णांमध्ये असा बदल होतो आणि मग त्यांच्यावर औषध चालेनासं होतं. शिक्का मारायचं काम दोन्ही किनेज सारखंच करतात, पण बदललेल्याचा हात औषधाला धरता येत नाही. साधा साठा नेहमी डावीकडे असायचा, हे मला पक्कं आठवत होतं. मी डावीकडच्या नळीवर साध्याचं लेबल लावलं आणि वर माझ्या अक्षरात नाव लिहिलं. हलवाहलवीत पेटी उलटी फिरली असेल, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही.

मॅडम लग्नाहून थेट लॅबमध्ये आल्या. हातावरची मेंदी तशीच होती. मी केलेली यादी त्यांनी ओळ न् ओळ वाचली. त्या दोन नळ्यांपाशी बोट थांबलं. नियम असा होता की लेबल सुटलेली नळी एकतर तपासायची, नाहीतर फेकून द्यायची. तपासायला दोन दिवस लागले असते.

"बघितलंस की वाटलं?"

मी म्हणाले, "बघितलं, मॅडम."

त्यांनी सही केली.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही त्या नळीतून साधं किनेज म्हणून जे बनवलं, ते सगळं बदललेलं होतं. प्रत्येक वेळी ते शिक्का मारतं की नाही हे आम्ही तपासायचो, आणि ते छान मारायचं. बदललेल्याला त्या काळात कुणी गिऱ्हाईक आलं नाही, त्यामुळे ती दुसरी नळी बाहेर निघालीच नाही. कुणाचीही तक्रार आली नाही. आजही आली नसती.

हे सापडलं ते मॅडमनाच. देवरे सरांना माहितीपत्रकात एक आलेख हवा होता. ओळखीचं एखादं औषध घातलं की आमचं किनेज कसं थांबतं, हे दाखवणारा. मॅडमनी सकाळी चाचणी लावली. औषध वाढत गेलं आणि किनेज काही थांबलं नाही. नवं औषध काढून पुन्हा लावली. तिसऱ्या वेळी दुसऱ्या नळीतल्या साठ्यापासून छोटासा घाणा बनवून त्यावरही लावली, त्यात चार-पाच दिवस गेले. ते किनेज मात्र औषधाच्या पहिल्या थेंबांनाच थांबलं.

मी आत गेले तेव्हा मॅडम फ्रीझरचं दार सताड उघडं टाकून उभ्या होत्या. एरवी ते दार दहा सेकंदांच्या वर उघडं राहिलं तर त्या आमची हजेरी घ्यायच्या. गार वाफ त्यांच्या पायांवर पडत होती. फ्रीझरचा भोंगा वाजायला लागला तरी त्यांना ऐकू आला नाही. हातात माझ्या अक्षरातली नळी होती. मी जाऊन दार लावलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळख नसल्यासारखं.

त्याच दुपारी देवरे सरांच्या खोलीत आम्ही सहा जण बसलो. मॅडमनी तिन्ही आलेख टेबलावर मांडले आणि काय झालं ते पाच मिनिटांत सांगितलं. सर हळू आवाजात म्हणाले, पुढच्या घाण्यापासून बरोबर नळी वापरू, विषय संपला. इथे अकरा घरं जगतात, हेही त्यांनी सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. त्या क्षणी मलाही तेच हवं होतं.

मॅडम म्हणाल्या, "सर, आपल्या किनेजवर ज्यांनी औषधं तपासली, त्यांना ती निकामी वाटली असणार. त्यांनी ती फेकून दिली असतील. चांगलीसुद्धा. चारपर्यंत तुम्ही सगळ्यांना पत्र पाठवा. नाहीतर मी पाठवते."

सरांनी विचारलं, पण हे झालं कसं, कुणाच्या हातून झालं?

मला वाटलं मॅडम म्हणतील, चूक लॅबची आहे, जबाबदारी माझी. मोठी माणसं असंच म्हणतात. त्या म्हणाल्या, "नळीवर अक्षर मृणालचं आहे. यादीवर सही माझी आहे. मी तिला विचारलं होतं, तिने बघितलं म्हणून सांगितलं. मी स्वतः तपासलं नाही. अहवालात दोन्ही नावं लिहिते."

जिने मला पिपेट धरायला शिकवलं, ती बाई सगळ्यांसमोर माझं नाव इतक्या सपाट आवाजात घेत होती, जणू तापमानाची नोंद वाचत होती. घरी जाऊन मी रडून सांगितलं. त्यावर माझी काकू मॅडमच्या जातीवरून एक वाक्य बोलली. ते वाक्य मी इथे लिहीत नाही. मी ते ऐकून घेतलं, आणि गप्प बसले. नळीच्या बाबतीत मी जे केलं त्याच्याच जोडीला मी ते गप्प बसणं ठेवते.

पत्रं गेली. चौदा लॅबना. काहींनी आभार मानले, दोघांनी वकिलाची भाषा केली, बाकीच्यांचं उत्तरच आलं नाही. मॅडम सकाळी सातला येऊन नवं किनेज बनवायच्या, सगळ्यांना बदलून द्यायला. मी त्यांच्याशी कामापुरतंही बोलत नव्हते, चिठ्ठी लिहून ठेवायचे. त्या चिठ्ठ्यांना त्या चिठ्ठीनेच उत्तर द्यायच्या, व्यवस्थित, वेळ घालून. असे दोन महिने गेले.

जानेवारीतल्या एका सकाळी पुण्याहून प्राची नावाची मुलगी आली. अठ्ठावीसेक वर्षांची, हातात थर्मोकोलची छोटी पेटी. तिने आधी फोन केला नव्हता. पीएच.डी.साठी तिने दोन वर्षं खपून एक रेणू बनवला होता. आमच्या किनेजवर तो चालला नाही. तिच्या मार्गदर्शकांनी विषय बंद केला, तिने पीएच.डी. सोडली आणि आता ती एका क्लासमध्ये अकरावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवत होती. आमचं पत्र जुन्या लॅबमधल्या मैत्रिणीने तिला पाठवलं होतं. शिल्लक राहिलेला रेणू पेटीत घालून ती पहाटेच्या गाडीत बसली होती.

ती म्हणाली, मला भांडायचं नाही, फक्त बघायचंय.

मॅडमनी तिला अंगात घालायला कोट दिला आणि आम्ही तिघींनी चाचणी लावली. मी द्रावणं बनवली, प्राचीने रेणू मोजला, मॅडमनी नवं किनेज काढलं. साडेबाराला पडद्यावर आलेख यायला लागला. रेषा थोडी सरळ गेली आणि मग खाली वळली. खाली, आणखी खाली, अगदी तळापर्यंत. तिचा रेणू काम करत होता. चांगलं काम करत होता.

मला वाटलं ती आनंदाने काहीतरी बोलेल. तिने टेबलाची कड धरली.

"हे मला वर्षभरापूर्वीच दिसायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी पुढे काहीच जोडलं नाही. ना क्षमा, ना समजूत. ती शांतता मला सहन झाली नाही. मी म्हणाले, नळीवर लेबल मी लावलं होतं. न बघता बघितलं म्हणाले होते. हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते. प्राचीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे फक्त अविश्वास होता, की एवढ्याशा गोष्टीने हे झालं. मग ती बाथरूमला गेली आणि खूप वेळ आली नाही. मॅडम दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

ती परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, "एकदा पुरेसं नाही. परत करूया."

संध्याकाळपर्यंत आम्ही ती चाचणी आणखी दोन वेळा केली. रेषा दोन्ही वेळा तशीच खाली आली. मॅडमनी तिन्ही आलेखांवर सही केली, आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी पण केली. त्या दिवशी आमचा अबोला सुटला, कुणी काही न बोलता. प्राची पुन्हा तिच्या जुन्या लॅबमध्ये रुजू झाल्याचं नंतर कळलं. तिचे मार्गदर्शक एका वर्षाच्या मुदतीवर तयार झाले होते. त्या रेणूचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

शेवटच्या लॅबला बदली किनेज पोचल्याची पोच आली, त्याच दिवशी मॅडमनी राजीनामा दिला. देवरे सरांनी थांबवलं नाही, पण निरोपाला स्वतः शाल आणली. मॅडम कळवणला भावाकडे राहायला गेल्या आणि तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवायला लागल्या.

वर्षभराने मी त्यांना भेटायला गेले. माफी मागायची होती, नीट, शब्दांत. दिवसभर भावाच्या घरी जेवण, गप्पा, कांद्याची चाळ बघणं यात तो विषय मला काढताच आला नाही. निघताना त्या मला सोडायला कळवणच्या स्टँडवर आल्या. नाशिकची गाडी लागलेली होती, ड्रायव्हर चहा पीत होता. मी बोलायला सुरुवात केली की त्या दिवशी मी खोटं बोलले आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात.

मॅडमनी मला पुढे बोलू दिलं नाही.

"विश्वास नव्हता ठेवला," त्या म्हणाल्या. "तू बघितलं म्हणालीस ना, तेव्हाच मला कळलं होतं की तू बघितलेलं नाहीस."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. विचारलं, मग सही का केली?

"दमले होते. तीन दिवस झोप नव्हती. आणखी दोन दिवस तपासणी करायची माझी इच्छा नव्हती. तुझ्या तोंडून एक शब्द मिळाला की माझी सुटका होती, म्हणून विचारलं." त्यांनी गाडीकडे पाहिलं. "अहवालात हे लिहायला चार वेळा बसले. नाही लिहिलं. तुझं नाव लिहिलं, आणि हे नाही लिहिलं."

ड्रायव्हर चढला, कंडक्टरने आत बसायला सांगितलं. मी पायरीवर एक पाय ठेवून तशीच उभी होते. दोन महिने मी त्यांच्यावर रुसले, मग वर्षभर स्वतःला दोष दिला. आणि मी रुसलेली असताना ही बाई हे पोटात ठेवून रोज लॅबमध्ये माझ्याशेजारी उभी राहत होती. मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येणार नाही. राग होता, आणि त्याहून जास्त भीती, की माझ्या ओळखीचं सगळ्यात खरं माणूस असं असेल तर मग आपण कशावर हात ठेवायचा. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही. बस, म्हणाल्या, जागा जाईल.

त्याच वर्षी दिवाळीनंतर त्या झोपेत गेल्या. हृदयविकार. त्या दिवसानंतर आमची भेट झालेली नव्हती. फोन मी दोनदा हातात घेऊन ठेवून दिला होता.

त्या दिवशी कळवणहून निघताना गाडी मागे घेऊन वळली तेव्हा खिडकीतून त्या शेवटच्या दिसल्या. स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर एका भाजीवालीच्या पाटीशेजारी बसल्या होत्या. ओढणी खांद्यावरून घसरून बाकावर लोळत होती आणि ती उचलायचं त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. डोळे मिटलेले होते, तोंड किंचित उघडं. कितीतरी लांबून चालत आलेलं माणूस सावली मिळाली की बसतं, तशा. भाजीवालीने त्यांना काहीतरी विचारलं. त्यांनी डोळे न उघडताच मान हलवली.